कोल्हापूर–मिरज पॅसेंजर: नंबर, तिकीट आणि थांबा कसा तपासावा

कोल्हापूर–मिरज लोकल गाडीचा नंबर चार जणांना विचारा, चार वेगळे नंबर कानावर येतात. बहुतेक सगळे बरोबरच असतात, फक्त वेगवेगळ्या वर्षांचे. त्यामुळे नंबर पाठ करण्यापेक्षा तो वाचायला शिकणं उपयोगाचं आहे.

20 डिसेंबर 2010 पासून रेल्वेगाड्यांना पाच अंकी नंबर आहेत. पहिला अंक 5 असेल तर इंजिन जोडलेली साधी पॅसेंजर, 6 म्हणजे विजेवर चालणारी मेमू, 7 म्हणजे डिझेलवरची डेमू. 1 किंवा 2 ने सुरू होणारी गाडी मेल-एक्स्प्रेस. आपल्या भागातल्या लोकल गाड्यांच्या नंबरात दुसरा अंक 1 असला की ती मध्य रेल्वेची. मार्च 2020 मध्ये लॉकडाऊनमुळे सगळ्या प्रवासी गाड्या थांबल्या आणि नंतर पॅसेंजर परतल्या त्या 'विशेष' म्हणून, पहिल्या अंकाच्या जागी 0 घेऊन. जानेवारी 2025 पासून नियमित पॅसेंजरना पुन्हा 5, 6, 7 मिळाले. जुन्या कागदावर किंवा मोबाइलमध्ये जपलेल्या फोटोत 01 ने सुरू होणारा नंबर दिसला, तर पुढचे आकडे जुळवून आजची गाडी शोधता येते. मात्र हा फक्त धागा समजा. वेळ आणि थांबे चालू वेळापत्रकातच बघा, कारण परतलेल्या प्रत्येक गाडीची वेळ पूर्वीचीच राहिलेली नाही.

गाडी शोधताना नवख्याची अडचण स्टेशनच्या नावावरच होते. रेल्वेच्या यादीत आपलं कोल्हापूर स्टेशन छत्रपती शाहू महाराज टर्मिनस या नावाने आहे, आणि तेही इंग्रजीत तोडून-मोडून लिहिलेलं. 'कोल्हापूर' टाकून हाती काही लागलं नाही तर केओपी हा कोड टाका. मिरजेचा एमआरजे, सांगलीचा एसएलआय, हातकणंगल्याचा एचटीके. एनटीईएस या रेल्वेच्या गाड्यांची स्थिती दाखवणाऱ्या अ‍ॅपमध्ये दोन स्टेशनांमधल्या गाड्या काढल्या की त्या दिवशी धावणाऱ्या गाड्या समोर येतात. प्रत्येक गाडीचे थांबे उघडून बघाच. गुळ मार्केट, वळिवडे, रुकडी, निमशिरगाव-तमदलगे इथे उतरणाऱ्यांनी तर नक्कीच, कारण एक्स्प्रेस या स्टेशनांवर सहसा थांबत नाहीत आणि चुकीच्या गाडीत बसलात तर हातकणंगले किंवा जयसिंगपूरहून मागे यावं लागतं.

आता तिकीट. सर्वात जास्त नुकसान इथेच होतं. 2020 नंतर पॅसेंजरलाही एक्स्प्रेसचं भाडं लागू झालं होतं, म्हणजे पूर्वी किमान ₹10 होते तिथे ₹30. फेब्रुवारी 2024 मध्ये साध्या गाड्यांचं किमान भाडं पुन्हा ₹10 झालं. तरीही सवयीने 'मिरज एक' एवढंच सांगणारे पुष्कळ. खिडकीवर गाडीचा प्रकार सांगा: 'मिरज, पॅसेंजरचं'. रेलवन या रेल्वेच्या तिकीट अ‍ॅपवरही साधारण, मेल-एक्स्प्रेस आणि सुपरफास्ट असे प्रकार निवडावे लागतात. एक्स्प्रेसचं तिकीट घेऊन पॅसेंजरमध्ये बसलात तर जादा पैसे गेले, एवढंच. उलट केलंत, तर भाड्यातला फरक आणि वर दंड. तो किमान ₹250 आहे. 0 ने सुरू होणारी विशेष गाडी आजही असू शकते. तिचं भाडं साधं असेल असं गृहीत धरू नका, खिडकीवर विचारा.

मिरज, सांगलीसारख्या 200 किलोमीटरच्या आतल्या अनारक्षित तिकिटावर प्रवास तीन तासांत, किंवा त्या स्टेशनला जाणारी पहिली गाडी सुटेपर्यंत सुरू करायचा असतो. यातलं जे नंतरचं ते धरतात. मोबाइलवरचं तिकीट अ‍ॅपमध्येच दाखवायचं. त्याचा स्क्रीनशॉट चालत नाही.

रोज जाणाऱ्यांसाठी पास. मासिक पास 150 किलोमीटरपर्यंत मिळतो: मिरज, सांगली, कऱ्हाड त्यात बसतात, सातारा बसत नाही. तिमाही पास मासिकाच्या 2.7 पट किमतीत मिळतो, म्हणजे दर तीन महिन्यांना जवळपास नऊ दिवसांचे पैसे वाचतात. मुदत संपायच्या 10 दिवस आधीपासून नूतनीकरण होतं. एक तारखेच्या रांगेत उभं राहायची गरज नाही. साधा पास पॅसेंजरमध्ये चालतो. एक्स्प्रेसपैकी ठरावीक गाड्यांच्या अनारक्षित डब्यांतच चालतो, म्हणून कोणती गाडी चालेल ते पास काढतानाच विचारून घ्या.

पॅसेंजर मध्येच का थांबते, यावर डब्यात रोज चर्चा होते. कारण मार्गात आहे. शाहू महाराजांच्या हस्ते 1888 मध्ये काम सुरू होऊन 1891 ला गाडी धावली, 1971 मध्ये मीटरगेजचं ब्रॉडगेज झालं, वर विजेच्या ताराही आल्या. पण मिरज–कोल्हापूर मार्ग एकेरीच राहिला, म्हणजे येण्या-जाण्याला एकच रूळ. समोरून एक्स्प्रेस येत असेल तर लोकलला स्टेशनातल्या लूपवर, म्हणजे बाजूच्या रुळावर घेतात. एक्स्प्रेस उशिरा आली की तो उशीर लोकललाही चिकटतो. म्हणून निघण्याआधी आपल्या गाडीबरोबर मिरजेहून येणाऱ्या एक्स्प्रेसचीही स्थिती बघा. डेमू आणि मेमूला दोन्ही टोकांना चालकाची केबिन असते. कोल्हापूर शेवटचं स्टेशन असल्याने इंजिनाच्या गाडीला परतताना इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला लावावं लागतं. डेमू-मेमूचा तो वेळ वाचतो आणि उशिरा आलेली गाडीही लवकर परत सोडता येते. लोकलसाठी असे रेक (डब्यांचे संच) यावेत ही मागणी म्हणूनच रास्त आहे.

पावसाळ्यात पंचगंगेकडे लक्ष ठेवा. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 च्या पुरात मिरज–कोल्हापूर वाहतूक बंद पडली होती. अशा दिवसांत एनटीईएसवर 'रद्द' सोबत 'अंशतः रद्द' ही यादीही तपासा: पुण्याकडून येणारी गाडी चालू दिसते, पण ती मिरजेतच संपलेली असते. अ‍ॅप उघडत नसेल तर रेल्वे चौकशीच्या 139 वर फोन करा आणि गाडी मिरजेपर्यंतच आहे का, हे स्पष्ट विचारा. रस्त्यावरही पाणी असेल तर मिरजेहून एसटी मिळेलच असं नाही, म्हणून निघण्याआधीच डेपोत चौकशी करा.