कॉलर माइकचा कनेक्टर बदलायचाय? सोल्डरिंग आयर्न तापवण्याआधी एवढं तयार ठेवा

कॉलर माइक खरखरायला लागला की लोक आधी कॅप्सूलला, म्हणजे आवाज पकडणाऱ्या टोकाच्या भागाला, दोष देतात. बहुतेक वेळा कॅप्सूल ठणठणीत असते आणि वायर तुटलेली असते कनेक्टरच्या तोंडाशी, रोज वाकते तिथे. म्हणजे काम एवढंच, की दोन इंच वायर कापायची आणि नवा जोड द्यायचा. पण एक ते दोन मिलिमीटर जाडीच्या वायरला हे काम करताना घाई चालत नाही.

पहिलं हवं ते पिनांचं चित्र, ट्रान्समीटरचं (माइक ज्याला जोडतो ती वायरलेस डबी) आणि माइकचं, दोन्ही कंपनीच्या कागदावरून. चार पिनांचा मिनी एक्सएलआर (छोटा गोल कनेक्टर) दोन वेगवेगळ्या ट्रान्समीटरवर नीट बसला तरी आतली जोडणी सारखीच असेल असं धरून चालू नका. कॉलर माइकमधल्या इलेक्ट्रेट प्रकारच्या कॅप्सूलला चालायला थोडं व्होल्टेज लागतं, त्याला बायस म्हणतात. ते कोणत्या पिनवर येतं, कनेक्टरमध्ये रेझिस्टर किंवा दोन पिनांमध्ये जंपर (जोडणारी छोटी तार) टाकायचा आहे का, हे कागदावर लिहून समोर ठेवा. जुना कनेक्टर कापण्याआधी उघडून त्याचा फोटो काढा. कोणत्या रंगाची वायर कुठे होती हे नंतर आठवत नाही.

आयर्न तापमान ठरवता येणारं घ्या, अर्थिंग असलेलं. पैसे खर्च करायचे तर इथेच करा. कॅप्सूलमधला छोटा फेट (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) स्थिर विजेने मरू शकतो. बिट, म्हणजे आयर्नचं तापणारं टोक, सुईसारखं टोकदार नको. ते नाजूक कामाचं वाटतं, पण उष्णता पोचवत नाही. मग आपण जास्त वेळ टेकवून बसतो आणि पिनांभोवतीचं प्लास्टिक वितळतं. एक-दीड मिलिमीटरचं चपटं बिट घ्या, लागलं की लगेच उचलता येतं. सोल्डर अर्ध्या मिलिमीटरचं, रोझिन फ्लक्सचं. कथील-शिश्याचं ६३/३७ मिश्रण १८३ अंशांना एकदम वितळतं आणि एकदम गोठतं, म्हणून नवशिक्याने तेच घ्यावं. आयर्न ३२० ते ३५० अंशांवर पुरतं. लेड-फ्री (बिनशिश्याचं) घेतलंत तर ते २१७ अंशांच्या पुढे वितळतं, तेव्हा आयर्न थोडं वाढवा. नळकामाचा ॲसिड फ्लक्स टेबलावरसुद्धा ठेवू नका, तो वायर खात राहतो.

बाकी किरकोळ: नवं ब्लेड, बारीक चिमटा, भिंग, वायर धरायला क्लिपा, बिट पुसायला पितळी जाळी, आयसोप्रोपाइल अल्कोहोल, मल्टिमीटर. खिडकी उघडी ठेवा, वायर कापताना चष्मा घाला, शिश्याचं सोल्डर हाताळल्यावर हात धुवा.

आता वायर. आत केसाहून बारीक तारा असतात आणि मजबुतीसाठी धाग्याचे तंतू. बाहेरचं आवरण ब्लेडखाली फिरवून नुसतं ओरखडा, मग वाकवून तोडा. ब्लेड दाबलंत तर शील्डच्या, म्हणजे आवरणाखालच्या संरक्षक वेढ्याच्या, तारा जातात. तंतूंवर सोल्डर चढत नाही, ते छाटून टाका. काही वायरींच्या तारांवर लाखेसारखा थर असतो. त्यांना आयर्न ४०० च्या आसपास नेऊन बिटवर ताज्या सोल्डरचा थेंब धरा आणि टोक त्यात बुडवा. बारीक धूर निघतो, दोनेक सेकंदांत चकाकी तारेवर वर चढते. ती चढली नाही तर टिनिंग (तारेवर सोल्डरचा थर चढवणं) झालेलं नाही, पुढे जाऊ नका. शील्डची उघडी शेपटी शक्य तितकी आखूड ठेवा. ट्रान्समीटर हातभर अंतरावरही नाही, त्याची रेडिओ लहर लांब शेपटीतून आत शिरते आणि गुरगुर होऊन ऐकू येते.

आयर्न हातात घेण्याआधी कनेक्टरचं मागचं रबर, बाहेरचं कवच आणि श्रिंक स्लीव्ह (तापवली की आकसणारी नळी) वायरवर ओवून घ्या. याच क्रमाने. मी एकदा चारही पिना सुरेख जोडल्या आणि कवच टेबलावरच राहिलेलं दिसलं. सगळं काढून पुन्हा करताना वायर आणखी आखूड झाली.

पिना हलू नयेत म्हणून कनेक्टरमध्ये त्याचा जोडीदार खुपसून ठेवा. तो पिना सरळ धरतो आणि उष्णताही ओढून घेतो. पिनेची वाटी आधी अर्धी सोल्डरने भरा. मग वाटीला बाहेरून बिट लावा, सोल्डर चमकलं की टिन केलेली तार आत सरकवा, बिट काढा आणि गोठेपर्यंत श्वास रोखून धरल्यासारखा हात स्थिर ठेवा. एवढ्यात हात हलला तर जोड दाणेदार होतो, तोच ड्राय सोल्डर. लेड-फ्री जोड मुळातच थोडा मळकट दिसतो, त्याला फसू नका. फ्लक्स अल्कोहोलने पुसा.

कनेक्टरच्या मागच्या क्लॅम्पने वायरचं आवरण पकडलं पाहिजे, तारा नव्हे. वायर बारीक पडत असेल तर तिच्यावर स्लीव्हचे दोन थर चढवा. मग मल्टिमीटर: शेजारच्या पिनांमध्ये बीप यायला नको, मुद्दाम जंपर टाकलेल्या सोडून. माइक ट्रान्समीटरला लावा, रिसीव्हरला हेडफोन लावा, आवाज कमी ठेवा. कनेक्टरच्या तोंडाशी वायर चारी दिशांना वाकवून ऐका, मग वायर अँटेनाजवळ नेऊन ऐका. दोन्ही वेळा शांत राहिला की कवच आवळा.