साईट उघडत नाहीये? डीएनएसच्या नावाखाली होणाऱ्या या चुका टाळा

मागच्या पावसाळ्यात मावशीचा फोन आला, वायफाय चालू दाखवतंय, व्हॉट्सॲप येतंय जातंय, पण लाईटबिलाची साईट उघडत नाही, बँकेची उघडत नाही, नुसतं गोल गोल फिरतंय. मी म्हटलं राउटर बंद करून चालू कर. पाच मिनिटांनी परत फोन, आता तर काहीच येत नाही. विचारलं नक्की काय केलंस, तर शेजारच्या मुलाने सांगितलं म्हणून तिने राउटरच्या मागच्या बारक्या भोकात सेफ्टी पिन घालून दहा सेकंद दाबून धरली होती. तिथेच घात झाला. बंद-चालू करणं वेगळं आणि रिसेट करणं वेगळं, रिसेटने राउटरमधलं सगळं पुसलं जातं, जोडणी करताना केबलवाल्याने घातलेलं पीपीपीओईचं (नेट कंपनीकडे राउटरची ओळख पटवणारं) युजरनेम-पासवर्डसुद्धा, आणि ते तिच्याकडे कुठेच लिहिलेलं नव्हतं. शनिवारची संध्याकाळ, माणूस आला सोमवारी. आणि मूळ बिघाड होता डीएनएसचा, जो दोन मिनिटांत निघाला असता.

तेव्हापासून मी ओळखीतल्या प्रत्येकाला सांगतो की आधी बघा, मग हात लावा. खाली ज्या चुका लिहितोय त्या बहुतेक सगळ्या मी कुणाच्या ना कुणाच्या घरी झालेल्या बघितल्यात.

आधी डीएनएस म्हणजे काय ते थोडक्यात. आपण साईटचं नाव टाकतो पण नेटवर गाडी नावावर चालत नाही, नंबरवर (त्याला आयपी ॲड्रेस म्हणतात) चालते, आणि नावावरून नंबर सांगायचं काम डीएनएस सर्व्हर करतो. तो सहसा नेट कंपनीचाच असतो, पण सेटिंगमध्ये दुसऱ्याचा नंबर टाकून बदलता येतो. परगावी एसटीतून उतरल्यावर आपण स्टँडवरच्या टपरीवर विचारतो ना, पाटलांचा वाडा कुठे, तसंच. आता रस्ता एकदम मोकळा आहे पण टपरी बंद आहे, तर तुम्ही स्टँडवरच उभे राहणार. मावशीचं तेच झालं होतं. व्हॉट्सॲप का चालत होतं, तर त्याचं कनेक्शन आधीच जोडलेलं असतं, त्याला दरवेळी पत्ता विचारायची गरज पडत नाही. म्हणून "व्हॉट्सॲप चालतंय पण साईट उघडत नाही" असं कुणी म्हटलं की माझा पहिला संशय डीएनएसवर जातो.

चूक पहिली: बिघाड डीएनएसचा आहे का हे न बघताच डीएनएस बदलणं

ही सगळ्यात मोठी, म्हणून हिच्यावरच जास्त लिहितो.

स्क्रीनवर जो मेसेज येतो तो वाचा. लोक वाचतच नाहीत, "एरर येतोय" एवढंच सांगतात. क्रोममध्ये "डीएनएस प्रोब फिनिश्ड एनएक्सडोमेन" आलं किंवा "सर्व्हर आयपी ॲड्रेस कुड नॉट बी फाउंड" आलं तर नाव सापडलं नाही, म्हणजे एकतर स्पेलिंग चुकलंय, किंवा ते डोमेन (साईटचं नाव) खरंच नाही, किंवा डीएनएसची गडबड आहे. पण "कनेक्शन रिफ्यूज्ड" आलं, "४०४" आलं, "५०३" आलं, तर नाव सापडलंय, तुम्ही वाड्याच्या दारापर्यंत पोचलात, पण दार उघडत नाहीये किंवा आत गर्दी झालीये. तिथे डीएनएस दहा वेळा बदला, काही होणार नाही. दहावीच्या निकालाच्या दिवशी दुपारी असंच होतं, लाखो पोरं आणि त्यांचे आईबाप एकाच वेळी एकाच साईटवर, आणि इकडे घरात कुणीतरी राउटरच्या सेटिंगमध्ये शिरलेला.

"युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट" हा मेसेज सगळ्याच साईटवर यायला लागला तर आधी लॅपटॉपची तारीख बघा. जुन्या कॉम्प्युटरचा बटणासारखा सेल संपला की तारीख मागे जाते आणि मग साईटचं सर्टिफिकेट (ती साईट खरी असल्याचा दाखला) चुकीचं वाटायला लागतं. तारीख नीट केली की बहुतेक वेळा सुटतं. पण तारीख बरोबर असून एकट्या बँकेच्या साईटवर हा मेसेज आला तर "तरीही पुढे जा" अजिबात दाबू नका.

मग तीन गोष्टी करून बघा. एक, तीच साईट मोबाईल डेटावर उघडा, वायफाय बंद करून. तिथेही उघडत नसेल तर बिघाड बहुतेक तुमच्या घरात नाही, साईटकडेच आहे. दोन, घरातल्या दुसऱ्या फोनवर वायफायवरून उघडा, तिथे उघडली तर राउटरला हात लावायचा नाही, दोष तुमच्याच यंत्रात आहे. तीन, विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट (कमांड टाइप करायची काळी खिडकी) उघडा आणि पिंग (पलीकडून उत्तर येतं का बघायची कमांड) लिहून पुढे ८.८.८.८ टाका (आकडे अर्थातच इंग्रजी कीबोर्डवरचे), हा गूगलच्या डीएनएस सर्व्हरचा नंबर आहे. उत्तर आलं म्हणजे रस्ता चालू आहे. आता पिंग लिहून पुढे साईटचं नाव टाका. नंबरला उत्तर येतं आणि नावाला "कुड नॉट फाइंड होस्ट" येतं, तर मग खुशाल म्हणा की डीएनएसच आहे. आणि नंबरलाच उत्तर येत नसेल तर ओएनटीच्या डब्यावर (फायबर ज्यात येऊन लागते तो) एलओएसचा, म्हणजे सिग्नल तुटल्याचा, लाल दिवा लागलाय का बघा, लाल म्हणजे बाहेर फायबर तुटलीये किंवा वाकलीये, रस्ता खोदताना जेसीबी लागला असेल, तिथे तुमच्या हातात काहीच नाही, फोन करून तक्रार नोंदवा.

अजून एक, नेटचा प्लॅन संपलाय का हे बघायला विसरू नका. बरेच केबलवाले प्लॅन संपला की कुठलीही साईट टाकली तरी स्वतःच्या रिचार्जच्या पानावर नेतात, पण आता जवळपास सगळ्याच साईट एचटीटीपीएसवर (कुलूपबंद जोडणीवर) असल्यामुळे ते पान धड उघडत नाही, नुसता एरर दिसतो आणि माणूस तासभर डीएनएस शोधत बसतो.

चूक दुसरी: एकाच वेळी पाच ठिकाणी बदल

नेटवरचे सगळे उपाय एकापाठोपाठ एक करून टाकायचे, राउटरमध्ये एक डीएनएस, विंडोजमध्ये दुसरा, क्रोमच्या सिक्युअर डीएनएसमध्ये तिसरा, फोनच्या प्रायव्हेट डीएनएसमध्ये चौथा, वर एखादा फुकटचा व्हीपीएन (आपलं नेट दुसऱ्या सर्व्हरमार्फत फिरवणारं ॲप). चालायला लागलं तरी कशाने लागलं ते कळत नाही, बिघडलं तर शोधायचं कुठे? कारण क्रोमच्या सिक्युअर डीएनएसमध्ये ठरावीक सर्व्हर निवडलेला असला की क्रोम विंडोजच्या सेटिंगला विचारतच नाही. म्हणून तुम्ही विंडोजमध्ये कितीही बदल केलात तरी क्रोममध्ये तेच, आणि फायरफॉक्समध्ये साईट मस्त उघडते. एक बदल करा, बघा, उपयोग नाही झाला तर होता तसा परत करा, मग पुढचा. आणि राउटरचं कुठलंही पान बदलायच्या आधी मोबाईलने त्याचा फोटो काढा, एवढं तरी नक्की करा.

चूक तिसरी: फोनमधलं प्रायव्हेट डीएनएस विसरणं

अँड्रॉइड ९ पासून, म्हणजे २०१८ पासून, फोनमध्ये प्रायव्हेट डीएनएसची सेटिंग आली. जाहिराती बंद करायच्या म्हणून कुणीतरी रील बघून तिथे एक नाव टाकतं आणि विसरून जातं. सहा महिन्यांनी तो सर्व्हर बंद पडतो किंवा त्याचं नाव बदलतं, आणि फोनवर वायफायही चालत नाही आणि मोबाईल डेटाही नाही, कारण ही सेटिंग दोन्हीला लागू असते. नाव टाकून ठेवलेलं असेल तर फोन दुसऱ्या कुणाला विचारायला जात नाही. लोक सिमकार्ड काढून पुसतात, फोन फॉरमॅट करतात, फार वाईट वाटतं, फोटो जातात लोकांचे. सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्कच्या भागात प्रायव्हेट डीएनएस शोधा (सापडत नसेल तर वर सर्चमध्ये डीएनएस टाका) आणि "ऑटोमॅटिक" करा. हॉटेलात किंवा रेल्वे स्टेशनवर वायफायचं लॉगिनचं पान येत नाही त्यामागेही पुष्कळदा हेच असतं.

चूक चौथी: कॅशे (लक्षात ठेवलेली जुनी उत्तरं) न पुसता "बदलूनही काही झालं नाही" म्हणणं

कॉम्प्युटर एकदा विचारलेला पत्ता काही काळ लक्षात ठेवतो, किती वेळ ठेवायचा ते त्या डोमेनवाल्यांनी ठरवलेलं असतं, त्याला टीटीएल म्हणतात, पाच मिनिटंही असतो आणि एक दिवसही असतो. आणि फक्त पत्ताच नाही तर "असं नाव नाही" हे उत्तरसुद्धा लक्षात राहतं! माझ्या एका मित्राने दुकानाची नवीन साईट घेतली, डीएनएस रेकॉर्ड (नावापुढच्या नंबरची नोंद) टाकायच्या आधीच उत्साहाने दहा वेळा उघडून बघितली, आणि मग रेकॉर्ड टाकल्यावर सगळ्यांना दिसतीये पण त्यालाच दिसेना. विंडोजवर कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग, मग स्पेस, मग स्लॅश आणि त्याला जोडून फ्लशडीएनएस, एवढं इंग्रजीत लिहून एंटर. तरी नाही तर ब्राउझर पूर्ण बंद करून उघडा, त्याची स्वतःची वेगळी आठवण असते. मग राउटर बटणाने बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करा, पिनने नाही. एवढं करूनही जुनंच दिसलं तर इंटरनेट कंपनीच्या सर्व्हरमध्ये जुनं उत्तर पडून आहे, मग थांबा, किंवा मोबाईल डेटावर बघा.

चूक पाचवी: दुसरा डीएनएस म्हणजे राखीव खेळाडू असं समजणं

सेटिंगमध्ये दोन रकाने असतात, पहिल्यात फिल्टरवाला टाकायचा म्हणजे पोरांना नको त्या साईट दिसणार नाहीत (क्लाउडफ्लेअरचा १.१.१.३ तसा आहे) आणि दुसऱ्यात असू दे म्हणून ८.८.८.८. पहिला चालू असताना दुसऱ्याला कुणी विचारणारच नाही याची काहीही खात्री नसते, बरीच यंत्रं दोघांनाही विचारतात. मग फिल्टर कधी लागतो कधी लागत नाही. दोन्ही रकान्यांत एकाच जातीचे टाका, १.१.१.३ बरोबर १.०.०.३, किंवा ८.८.८.८ बरोबर ८.८.४.४.

याच्याच जोडीला आयपीव्ही६, म्हणजे नेटवरच्या नंबरांची नवी पद्धत, जुनी ती आयपीव्ही४. तुम्ही बदलता फक्त आयपीव्ही४ च्या रकान्यात आणि यंत्र मात्र आयपीव्ही६ वरून राउटरने दिलेल्या जुन्याच सर्व्हरला विचारत राहतं. आपल्याकडे आता बऱ्याच कनेक्शनवर आयपीव्ही६ चालू असतं, त्यामुळे दोन्हीकडे बदला, नाहीतर बदलूच नका.

फोनवर वायफायपुरता डीएनएस बदलायला गेलात की बहुतेक फोन "स्टॅटिक" करायला लावतात आणि त्यात फोनचा आयपीसुद्धा पक्का होऊन बसतो. तोच आयपी राउटरने उद्या टीव्हीला दिला की दोघांचंही नेट अडखळतं. त्यापेक्षा राउटरमध्येच एकदा बदला, घरातल्या सगळ्यांना आपोआप लागतं.

घरून ऑफिसचं काम करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, कंपनीच्या आतल्या साईटची नावं फक्त कंपनीच्याच डीएनएसला माहीत असतात. लॅपटॉपमध्ये ८.८.८.८ पक्का करून ठेवलात आणि व्हीपीएन लावूनही हजेरीची साईट उघडेना झाली, तर तो पक्का केलेला काढून परत ऑटोमॅटिक करा. गूगलला तुमच्या ऑफिसच्या आतली नावं माहीत असायचं कारणच नाही.

चूक सहावी: कुणीही दिलेला डीएनएस नंबर टाकणं

याबद्दल मला खरंच कळकळीने सांगायचंय. पत्ता सांगणारा माणूसच खोटा असेल तर? तुम्ही बँकेचं नाव टाकाल आणि तो तुम्हाला भलत्याच दारात नेऊन सोडेल. हे घडलेलं आहे. डीएनएसचेंजर नावाच्या व्हायरसने जगभरातल्या सुमारे ४० लाख कॉम्प्युटरांच्या डीएनएस सेटिंग बदलल्या होत्या, नोव्हेंबर २०११ मध्ये एस्टोनियात त्यामागची टोळी पकडली गेली, पण ते खोटे सर्व्हर लगेच बंद केले असते तर एवढ्या लोकांचं नेटच बंद पडलं असतं, म्हणून त्यांच्या जागी काही महिने चांगले सर्व्हर चालवावे लागले आणि ते ९ जुलै २०१२ ला बंद झाले. "गेमिंगसाठी सुपरफास्ट डीएनएस" म्हणून कुणी नंबर फॉरवर्ड केला तर टाकू नका. गूगलचा ८.८.८.८ हा २००९ पासून आहे, क्वाड नाईनचा ९.९.९.९ हा २०१७ पासून आणि क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ हा २०१८ पासून, यांतला कुठलाही घ्या. आणि डीएनएस बदलून डाउनलोडचा स्पीड वाढत नाही, पत्ता लवकर कळतो इतकंच, रस्ता तेवढाच रुंद राहतो.

राउटरचं ॲडमिन-ॲडमिन हे लॉगिन आजच बदला. राउटरचं पान बहुतेक ठिकाणी १९२.१६८.१.१ वर असतं, जिओच्या राउटरवर १९२.१६८.२९.१. नवीन पासवर्ड आणि त्याच्यासोबत पीपीपीओईचं युजरनेम-पासवर्ड कागदावर लिहून राउटरच्या खाली चिकटवा, केबलवाल्याकडे मागितलं की देतात.

कधीकधी मात्र खरंच तुमच्याकडे काही नसतं. ४ ऑक्टोबर २०२१ ला आपल्याकडे रात्री नऊच्या पुढे फेसबुक, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम सगळं एकदम गेलं, जवळपास सहा तास. त्यांच्याच नेटवर्कमध्ये एक चुकीची कमांड गेली आणि त्यांच्या डीएनएस सर्व्हरपर्यंत जायचा रस्ताच जगाच्या नकाशावरून पुसला गेला. त्या रात्री आमच्या सोसायटीत किती जणांनी राउटर उघडले असतील!

तक्रार करायला फोन लावाल तेव्हा "नेट चालत नाही" असं सांगू नका, तिकडून "रिस्टार्ट करा" एवढंच ऐकू येईल. सांगा की ओएनटीवर लाल दिवा नाही, ८.८.८.८ ला पिंग जातंय, नावाला जात नाही, दोन वेगवेगळ्या फोनवर तेच होतंय आणि मोबाईल डेटावर साईट उघडतीये. मावशीने पुढच्या वेळी हेच सगळं कागदावर लिहून घेऊन वाचून दाखवलं, आणि पलीकडच्या मुलीने दहा मिनिटांत त्यांच्याकडचा डीएनएस बदलून दिला.