यकृतातली हायडॅटिड गाठ: सोनोग्राफी, सीटी करताना या चुका टाळा

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘यकृतात पाण्याची गाठ’ एवढंच लिहिलेलं असलं तर बहुतेकदा काळजीचं कारण नसतं, कारण साध्या गाठी निरुपद्रवी असतात. पण त्यांच्यात क्वचित एखादी हायडॅटिड निघते. ही एकायनोकॉकस या कृमीची गाठ. कृमी कुत्र्याच्या आतड्यात राहतो, त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात आणि मेंढ्यांच्या पोटात जातात. दूषित हात, पाणी, भाजीपाला यांतून ती माणसाच्याही पोटात जातात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे निदान पक्कं नसताना सुई घालणं. आपल्याकडे अमीबाचा यकृतातला फोडही दिसतो, त्यामुळे ‘पू काढून बघू’ हा विचार पटकन येतो. हायडॅटिडमधलं पाणी पोटात सांडलं तर जिवावर बेतणारी ॲलर्जी होऊ शकते, शिवाय पोटात नव्या गाठी धरतात. सुईने उपचार होतात, नाही असं नाही. पण ते गाठीच्या ठरावीक टप्प्यांतच, अल्बेन्डाझोल हे कृमिनाशक औषध सुरू करून आणि ॲलर्जीची सगळी तयारी ठेवून. काढलेल्या पाण्यात पित्त आढळलं तर कृमिनाशक द्रव आत सोडायचा नाही, कारण पित्तनलिकांना इजा होते.

दुसरी चूक घाईची. रुग्ण उताणा, प्रोब एका जागी, फोटो काढला, झालं! रुग्णाला कुशीवर वळवा आणि गाठीकडे बघत राहा. तळाशी बसलेले बारीक कण उठून पाण्यात भुरभुरतात. भिंत दुहेरी दिसते का, आतला पापुद्रा सुटून तरंगतोय का, गाठीत पिल्लगाठी (आत धरलेल्या छोट्या गाठी) आहेत का, हे तेव्हाच कळतं. पुढच्या टप्प्यात गाठ आतून भरीव दिसते आणि ट्यूमरचा संशय येतो. अशा वेळी आत दुमडलेले पापुद्रे शोधा, डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) लावा. हायडॅटिडच्या आत रक्तप्रवाह नसतो. याउलट आतल्या पडद्यांना रक्तपुरवठा दिसला, विशेषतः मध्यमवयीन स्त्रीमध्ये, तर म्युसिनस सिस्टिक निओप्लाझम या चिकट द्रव भरलेल्या ट्यूमरचा विचार व्हायलाच हवा.

‘सीटी केला, आता सोनोग्राफी कशाला?’ हेही नेहमी ऐकू येतं. कॅल्शियमचे थर, फुटलेली गाठ, शस्त्रक्रियेआधीचा नकाशा यासाठी सीटी उत्तमच. पण पातळ पापुद्रे त्यात निसटतात आणि पिल्लगाठी असलेली गाठ साधी वाटू शकते. आतली रचना सोनोग्राफीत किंवा एमआरआयच्या टी-२ (पाणी उजळ दाखवणाऱ्या) चित्रांत जास्त नीट उमगते. पित्तनलिकेशी जोड असल्याची शंका असेल तर एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय) करून घ्यावी.

रिपोर्टमध्ये टप्पा न लिहिणं ही माझ्या मते मोठीच उणीव आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात सीई-१ ते सीई-५ (सीई म्हणजे सिस्टिक एकायनोकॉकोसिस, हाच आजार) असे टप्पे आहेत आणि उपचार त्यावरच ठरतात. सीई-१ (नुसत्या पाण्याची गाठ) आणि सीई-३ए (आतला पापुद्रा सुटलेली) मध्ये सुईचा उपचार चालतो. पिल्लगाठींच्या सीई-२ मध्ये तो सहसा अपुरा पडतो. सीई-४, सीई-५ या निष्क्रिय झालेल्या गाठी गुंतागुंतीविना असतील तर नुसतं लक्ष ठेवलं जातं. मात्र कडेला थोडं कॅल्शियम दिसलं म्हणून गाठ मेली असं लिहू नका. ते कुठल्याही टप्प्यात दिसू शकतं.

रक्ताची चाचणी निगेटिव्ह आली तरी हायडॅटिड असू शकते. छातीचा एक्स-रे विसरू नका, फुप्फुसातही गाठ सापडते. तपासणीला पाठवताना चिठ्ठीवर नुसतं ‘पोटदुखी’ न लिहिता मेंढपाळी, घरचं कुत्रं यांचाही उल्लेख करा. रुग्णाने दर वेळी जुनी फिल्म सोबत आणावी; आधीच्या चित्राशी ताडून पाहिल्याशिवाय टप्पा बदलला की नाही, हे सांगता येत नाही.