हीरोक्वेस्ट : दार उघडल्यावरचा खोळंबा टाळा

हीरोक्वेस्ट या बोर्डगेममध्ये चार वीर एका बाजूला आणि खलनायक चालवणारा एकटा दुसऱ्या बाजूला. वीरांनी दार उघडलं की खोलीतले राक्षस आणि सामान त्यानेच मांडायचं. तो डब्यात हात घालून शोधत बसतो आणि ऐन रंगातला डाव थंडावतो. इंदूरला शनिवारी रात्री डाव संपवून सराफ्याच्या रात्रीच्या खाऊगल्लीत जायचं असेल, तर हा वेळ फार महागात पडतो.

१. मोहिमांच्या पुस्तकातल्या नकाशाची झेरॉक्स काढा, त्यावर पेन्सिलीने खोल्यांना क्रमांक द्या. मूळ पुस्तकावर लिहू नका.

२. खजुरी बाजारातून खाकी कागदी पाकिटं आणा. प्रत्येक खोलीचे राक्षस त्या क्रमांकाच्या पाकिटात भरा. टेबल, कपाट, थडगं पाकिटात मावत नाही. ते आधीच जोडून खलनायकाच्या पुठ्ठ्याच्या पडद्यामागे ठेवा आणि पाकिटात नुसती चिठ्ठी घाला.

३. राक्षसांचे पुतळे कमी पडले तर शेवटच्या खोल्यांसाठीही चिठ्ठीच. तोवर मेलेले ऑर्क, गॉब्लिन हाताशी आलेले असतात.

४. भटका राक्षस मात्र सुटा ठेवा. खजिना शोधताना त्याचं कार्ड कधीही निघतं.

पाकिटं पारदर्शक घेऊ नका, आणि रिकाम्या खोलीचंही एक पाकीट करून त्यात दोन खडे टाका. नाहीतर समोरची हुशार मुलं पाकिटं बघूनच कुठलं दार उघडायचं ते ठरवतात.