पन्नाशीनंतरची स्पोर्ट बाइक : या चुका टाळा

मुले मार्गी लागली, घराचे हप्ते फिटले आणि हाताशी थोडा पैसा आला की तारुण्यात राहून गेलेली वेगवान बाइक आता घ्यावी, असे वाटणारी मंडळी पुणे, कोल्हापूर, नाशिक या भागांत पुष्कळ आहेत. यात गैर काही नाही. यामाहा आरएक्स १०० किंवा राजदूत ३५० वर हात बसवलेल्या या पिढीला रस्त्याचा अंदाज आहे, समोरचा टेम्पो कधी वळेल हे तिला इंडिकेटर न पाहताही कळते, आणि ही जाण विशीतल्या चालकाला विकत मिळत नाही. अडचण वेगळ्याच ठिकाणी आहे. वीस-पंचवीस वर्षांच्या खंडानंतर गाडीवर बसणारा माणूस आठवणीच्या आधारावर गाडी चालवतो आणि ती आठवण वेगळ्या गाडीची व वेगळ्या शरीराची असते. पुढे सांगितलेल्या बहुतेक चुका या एकाच कारणातून होतात आणि म्हणूनच त्या सुधारण्याजोग्या आहेत.

जुन्या ब्रेकची सवय नव्या गाडीवर नेणे

सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. आरएक्स १०० ला पुढे आणि मागे ड्रम ब्रेक होते. भारतात विकल्या गेलेल्या राजदूत ३५० लाही पुढे ड्रमच होता. पुढचा ब्रेक जोरात दाबला तर चाक अडकून गाडी पडते, ही शिकवण त्या काळात प्रत्येकाने घेतली आणि पाय मागच्या ब्रेकवर ठेवण्याची सवय हाडीमांसी खिळली. आजच्या स्पोर्ट बाइकवर हेच उलटे आहे. ब्रेक लावताच बहुतेक वजन पुढच्या चाकावर येते, मागचे चाक जवळजवळ हलके होते, त्यामुळे गाडी थांबवण्याचे बहुतांश काम पुढची डिस्क करते आणि मागच्या ब्रेकवर विसंबणाऱ्या माणसाचे थांबण्याचे अंतर विनाकारण लांबते.

दुसरी गोष्ट एबीएसची, म्हणजे जोरात ब्रेक लावला तरी चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेची. आपल्याकडे १२५ सीसीवरील नव्या दुचाकींना एबीएस बंधनकारक झाले ते एप्रिल २०१९ पासून, म्हणजे त्याआधी गाडी सोडून कारकडे वळलेल्या माणसाने दुचाकीवरील एबीएस कधी अनुभवलेलेच नसते. आणीबाणीच्या क्षणी ब्रेकचा दांडा बोटांखाली थरथरतो, काहीतरी बिघडले असे वाटते आणि बोटे आपोआप सैल होतात. त्याच क्षणी दाब कायम ठेवायचा असतो, कारण ती थरथर म्हणजे यंत्रणा काम करीत असल्याची खूण आहे. हे वाचून कळते, पण हाताला वळण लागत नाही. त्यासाठी मोकळे, कोरडे, सपाट मैदान शोधावे, गाडी सरळ आणि उभी ठेवून ३० च्या वेगात पुढचा ब्रेक एबीएस जागे होईपर्यंत दाबावा, तो दाब गाडी थांबेपर्यंत सोडू नये, आणि मग क्रमाने ५०-६० पर्यंत जावे. हा सराव पावसाळ्याच्या खंडानंतर दर वर्षी पुन्हा करावा.

आरएक्स, राजदूत यांसारख्या टू-स्ट्रोक गाड्यांची आणखी एक आठवण घात करते. त्या इंजिनांना ॲक्सिलरेटर सोडल्यावर फारसा अडसर येत नसे, त्यामुळे वळणात अर्ध्यावर पोहोचल्यावर वेग जास्त वाटला की झटकन ॲक्सिलरेटर सोडण्याची सवय निभावून जाई. आजचे मोठे फोर-स्ट्रोक इंजिन अशा वेळी गाडीला जोरात ओढून धरते, वजन एकदम पुढे झुकते आणि कलंडलेल्या गाडीचा तोल ढळतो. वेग वळणापूर्वीच, गाडी सरळ असताना कमी करावा आणि वळणात ॲक्सिलरेटर हलकासा उघडा ठेवावा.

पहिलीच गाडी फार मोठी घेणे

आरएक्स १०० ची ताकद सुमारे ११ अश्वशक्ती होती आणि तिचे वजन शंभर किलोच्या आसपास होते. सुझुकी हायाबुसा १३४० सीसीची, सुमारे १९० अश्वशक्तीची आणि २६५ किलोच्या आसपासची आहे. या दोहोंच्या मध्ये एकही पायरी न घेता थेट शेवटच्या पायरीवर पाय ठेवणारे लोक आर्थिकदृष्ट्या समर्थ असतात, पण गाडी सांभाळण्याची समर्थता पैशाने येत नाही. लिटर-बाइक, म्हणजे हजार सीसीच्या आसपासची गाडी, पहिल्याच गिअरमध्ये शंभरी ओलांडते. ट्रॅक्शन कंट्रोल (मागचे चाक घसरू न देणारी यंत्रणा) आणि रेन मोड (ओल्या रस्त्यासाठी ताकद सौम्य करणारी सोय) चूक काही प्रमाणात झाकतात, पण वळणात चुकीच्या वेगाने शिरलेल्या गाडीला ते परत बाहेर आणू शकत नाहीत. केटीएम आरसी ३९० किंवा टीव्हीएस अपाचे आरआर ३१० वर एक संपूर्ण हंगाम काढावा, मग हवी तर कावासाकी निंजा ६५० सारखी सुमारे ६८ अश्वशक्तीची गाडी घ्यावी. माझे स्पष्ट मत असे, की महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर त्याहून अधिक ताकद वापरायला जागाच नाही.

वजनाचा प्रश्न वेगात कमी आणि उभ्या गाडीला जास्त जाणवतो. उताराच्या पार्किंगमध्ये नाक खाली करून गाडी लावली की दोनशे किलो मागे ढकलून बाहेर काढणे पन्नाशीतल्या कंबरेला झेपत नाही. ढाब्यावर थांबताना आधी उतार पाहावा आणि गाडीचे तोंड चढाकडे ठेवूनच लावावी. स्पोर्ट बाइकचे हँडल फार कमी फिरते, त्यामुळे अरुंद रस्त्यावर एका दमात वळवण्याचा हट्ट धरू नये. गाडी आडवी पडलीच तर इंजिन बंद करून, गाडी गिअरमध्ये टाकून, सीटला पाठ टेकवून, एक हात हँडलला आणि दुसरा मागच्या पकडीला लावून पायांच्या जोरावर मागे-मागे चालत ती उभी करावी. वाकून उचलायला गेल्यास मणक्याचे दुखणे मागे लागते.

दुखणे वयावर ढकलून सोसत राहणे

तळहात बधिर होतात, मान आखडते, गुडघे भरून येतात, आणि माणूस "वय झाले" म्हणून गप्प बसतो. खरे तर यांतल्या बहुतेक तक्रारींचे कारण बसण्याच्या पद्धतीत सापडते.

मनगट दुखत असेल तर शरीराचा भार हातांवर पडत आहे. स्पोर्ट बाइकवर भार पोटाच्या व पाठीच्या स्नायूंनी आणि टाकीला आवळून धरलेल्या मांड्यांनी पेलायचा असतो. हँडल फक्त दिशा देण्यासाठी आहे. तपासण्याची सोपी रीत अशी, की मोकळ्या सरळ रस्त्यावर ५०-६० च्या वेगात कोपरे पक्ष्याच्या पंखांप्रमाणे हलवून पाहावीत. ती मोकळी हलली नाहीत, तर हात खांबासारखे ताठ झालेले आहेत. ब्रेक व क्लचचे दांडे हाताच्या रेषेत येतील इतके खाली वळवून घेतल्यानेही मोठा फरक पडतो आणि त्यासाठी मेकॅनिकला दहा मिनिटे पुरतात. पुष्कळांना हे कोडे वाटते, की शहरात मनगट जास्त दुखते आणि महामार्गावर कमी. महामार्गावर वारा छातीला टेकू देतो आणि सिग्नल-सिग्नलच्या वाहतुकीत तो टेकू नसतो, एवढेच त्याचे कारण आहे. स्पोर्ट बाइक रोज ऑफिसला नेणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

बधिरपणा कोणत्या बोटांत आहे याकडे लक्ष द्यावे. अंगठा आणि शेजारची दोन बोटे बधिर होत असतील तर मनगटातली नस दबण्याची शक्यता असते. करंगळी आणि अनामिका असतील तर वेगळ्या नसेवर दाब येत असतो. गाडीवरून उतरल्यावर काही तासांत हा बधिरपणा गेला नाही, किंवा रात्री झोपेत जाणवू लागला, तर डॉक्टरांना दाखवावे. मानेचे तसेच आहे. पुढे वाकून डोके वर उचलण्याच्या या आसनात मान सतत मागे मोडलेली असते. ज्यांना स्पॉन्डिलोसिस (मानेच्या मणक्यांची झीज) आहे त्यांनी ही गाडी घेण्यापूर्वी डॉक्टरांना आसन प्रत्यक्ष करून दाखवावे आणि शोरूममध्ये पाच मिनिटे नव्हे, चांगली वीस मिनिटे गाडीवर बसून पाहावे. उंच काच, थोडे वर घेतलेले हँडल आणि वजनाने हलके हेल्मेट यांनी बरेच साधते.

वाचनाचा चष्मा तोच रस्त्याचा चष्मा समजणे

चाळिशीनंतर जवळचे वाचायला चष्मा लागतो आणि पुष्कळ जण प्रोग्रेसिव्ह काच घेतात, म्हणजे वरच्या भागातून दूरचे आणि खालच्या भागातून जवळचे दिसते. खुर्चीवर ही काच उत्तम चालते. स्पोर्ट बाइकवर मात्र डोके पुढे झुकलेले असल्यामुळे रस्ता पाहताना डोळे काचेच्या अगदी वरच्या कडेतून पाहतात, कित्येकदा फ्रेमची कडाच समोर येते, आणि ते टाळण्यासाठी माणूस नकळत मान आणखी वर उचलतो. मानदुखीचे मूळ कधीकधी चष्म्यात असते ते असे. शिवाय खांद्यावरून मागे पाहताना या काचेच्या बाजूचा भाग प्रतिमा वाकवतो. उपाय सोपा आहे : चष्म्याच्या दुकानदाराला गाडीवरचे आसन समजावून सांगून, नाकावर उंच बसणारा, वरची कडा नसलेला किंवा अगदी बारीक असलेला, फक्त दूरच्या नंबरचा वेगळा चष्मा करून घ्यावा. डिस्प्लेवरचे आकडे थोडे अस्पष्ट दिसले तरी चालतात, समोरचा खड्डा अस्पष्ट दिसून चालत नाही.

रात्रीचा प्रश्न अधिक गंभीर आहे. वयाबरोबर बाहुली लहान होते आणि डोळ्यातले भिंग पिवळसर होते. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर विशीच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. समोरून अप्पर मारत आलेल्या ट्रकनंतर नजर पूर्ववत व्हायला लागणारा वेळही वाढतो. १०० च्या वेगात गाडी एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर जाते, म्हणजे अर्ध्या सेकंदाचा उशीरही एसटीच्या लांबीहून जास्त अंतर खातो. दिवस मावळण्यापूर्वी मुक्कामी पोहोचण्याचा बेत आखावा आणि हेल्मेटचा काळा व्हायझर संध्याकाळी वापरू नये. साखर कारखान्यांच्या गाळप हंगामात पश्चिम महाराष्ट्रात उसाच्या ट्रॉल्या मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नसताना रस्त्यावर असतात, म्हणून त्या काळात रात्रीची सफर पूर्ण टाळलेलीच बरी.

पाणी टाळणे, औषधांचा विचार न करणे

वारंवार लघवीला थांबावे लागू नये म्हणून पुष्कळ प्रौढ चालक निघण्यापूर्वी पाणी पीतच नाहीत. जाकिटाच्या आत घाम निथळत असतो, वाऱ्याने तो कळत नाही, आणि दोन तासांनंतर जो सुस्तपणा येतो तो बऱ्याचदा नुसत्या थकव्याचा नसून शरीरातले पाणी कमी झाल्याचा असतो. दर तासाला थांबावे, पाणी प्यावे, पाय मोकळे करावेत. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी जेवणाची वेळ चुकवू नये. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर चालू असेल तर साखर उतरल्याची धडधड आणि थरथर जाणवेलच असे नाही. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन घेणाऱ्यांना दीर्घकाळ बसून एकदम उठल्यावर घेरी येऊ शकते, तेव्हा स्टँड लावून क्षणभर थांबूनच उतरावे. सर्दीवरच्या सेटिरिझिनने झोप येते. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर तशी चिठ्ठी पाकिटात आणि हेल्मेटच्या आत ठेवावी, कारण अपघातानंतर उपचार करणाऱ्याला ती माहिती सर्वांत आधी हवी असते.

घाटात तरुणांच्या मागे धावणे

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग या दोन्हींवर दुचाकींना बंदी आहे. साहजिकच वेगाची हौस ताम्हिणी, पसरणी, आंबोली अशा घाटांत किंवा राष्ट्रीय महामार्ग ४८ वर भागवली जाते, जिथे दुभाजकाच्या फटीतून गुरे येतात आणि ट्रॅक्टर उलट्या दिशेने येतात. रविवारच्या गटात वयस्क चालकाला "काका, तुम्ही आरामात या" म्हणत मागे ठेवतात. त्यामागे आदर असतो, पण ही जागा सर्वांत वाईट आहे. प्रत्येक ओव्हरटेकला रांग ताणली जाते आणि शेवटच्या माणसाला ती भरून काढण्यासाठी सर्वांपेक्षा जोरात जावे लागते. काकांना दुसऱ्या क्रमांकावर, म्होरक्याच्या मागे ठेवावे, म्हणजे वेग त्यांच्या आवाक्यात राहतो.

उजव्या आंधळ्या वळणात चाके आपल्या बाजूला असली तरी कलंडलेल्या चालकाचे डोके मध्यरेषेच्या पलीकडे जाते, आणि समोरून येणारी एसटी तिथेच असते. म्हणून अशा वळणात डावीकडे राहावे. डाव्या वळणात बाहेर फेकले जाण्याचा धोका असतो, तेव्हा शिरतानाच वेग कमी हवा. नजर खड्ड्यावर किंवा कठड्यावर खिळली की गाडी तिकडेच जाते. वळणाचे जे टोक गाठायचे त्याकडे हनुवटी वळवावी. नागमोडी वळणांवर चढणाऱ्या ट्रकांच्या टाकीतून डिझेल सांडलेले असते आणि पहिल्या पावसात ते पृष्ठभागावर तरंगते.

उभ्या गाडीवर एकदम भरवसा ठेवणे

हौसेची गाडी महिनोन्‌महिने गॅरेजमध्ये झाकून असते. टायरची नक्षी नवी दिसली तरी रबर वयाने कडक होते. टायरच्या बाजूवरच्या चार आकड्यांतले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात, म्हणजे २३१९ हा टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला आहे. ब्रेकचे तेल हवेतला ओलावा शोषते, ते दर दोन वर्षांनी बदलावे. टायरमधली हवा प्रवासाला निघण्यापूर्वी, टायर थंड असताना तपासावी, आणि पहिले काही किलोमीटर टायर गरम होईपर्यंत गाडी कलंडवू नये.

परवान्याची तपासणी उरकून टाकणे

चाळिशीनंतर परवान्यासाठी डॉक्टरांचा फॉर्म १-ए लागतो आणि पंचावन्ननंतर नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठीच होते. या फॉर्मवर ओळखीच्या डॉक्टरांची नुसती सही घेण्याची पद्धत सर्रास आहे. ती सोडून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडून मोतीबिंदू, काचबिंदू आणि बाजूची नजर तपासून घ्यावी, आणि मान पूर्ण वळवून खांद्यामागे पाहता येते का, हेही डॉक्टरांना पाहायला सांगावे.