जिमची फी ठरवताना या चुका टाळा

फोंड्यात बारा वर्षं जिमला जातोय. जानेवारी आला की काउंटरवर तेच दिसतं. नवा मुलगा येतो, वर्षाची फी विचारतो, हजारभर रुपये कमी करून घेतो आणि लगेच पैसे पाठवून मोकळा होतो. डंबेलला अजून हातही लागलेला नसतो. मार्चमध्ये तो दिसेनासा होतो.

पहिल्याच दिवशी वर्षाचे पैसे भरणं ही सगळ्यात मोठी चूक. समजा १२,००० ठरले आणि तुम्ही पाचच महिने आलात, तर महिना पडला २,४०० ला. तिथला महिन्याचा दर १,५०० असता तर ७,५०० मध्ये भागलं असतं. आणि गोव्यात वर्ष बारा महिन्यांचं धरूच नका. जुलैच्या पावसात संध्याकाळी स्कूटर काढवत नाही, चवथीला सगळे गावच्या घरी, पुढे जत्रा, लग्नं. म्हणून पहिला महिना पूर्ण दराने भरा, रोज जा, मग वर्षाचं बोला. टिकणाऱ्या गिऱ्हाइकाला मालक सहसा सोडत नाही. उतावळ्यांना हा महिनाभराचा धीर नसतो, याचं मला खरंच वाईट वाटतं. 'ऑफर आजच संपते' म्हणाले की मी उठतो. तोच दर मला पुढच्या आठवड्यातही मिळालेला आहे.

दुसरी चूक तोंडी शब्दावर विसंबण्याची. माझ्या भाच्याने तासभर घासाघीस करून वर्षाचे १४,००० भरले. 'हवं तेव्हा तीन महिने फ्रीज करून देऊ,' म्हणजे तेवढे महिने सदस्यत्व थांबवून मुदत पुढे ढकलू, असं मॅनेजर म्हणाला होता. मार्चअखेर पोराला वेर्ण्याला रात्रपाळीची नोकरी लागली. आम्ही दोघं गेलो, तर मॅनेजर बदललेला. नव्या मॅनेजरने पावती मागितली, उलटी केली आणि बोट ठेवलं. फिकट निळ्या शाईत बारीक अक्षरं होती: पैसे परत मिळणार नाहीत, दुसऱ्याच्या नावावर होणार नाही. फ्रीजचा उल्लेखच नव्हता. "मामा, तो तोंडाने बोलला होता," एवढंच पोरगा म्हणत राहिला. नऊ महिन्यांचे साडेदहा हजार गेले.

तेव्हापासून पैसे देण्याआधी मी जिमच्या नंबरवर व्हॉट्सअ‍ॅप करतो: रक्कम, मुदत, फ्रीजचे दिवस, जिम बंद पडली तर काय. 'ओके' आलं की मगच पैसे. पावतीवरही पेनाने लिहून सही घेतो. लेखी असूनही टाळाटाळ झाली तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

संध्याकाळी सातच्या गर्दीत बोलणी करू नका, सकाळी अकराला जा. पण पैसे भरण्याआधी तुमच्या नेहमीच्या वेळी एकदा जाऊन रॅकपाशी किती जण थांबलेत ते बघा.

दर हलत नसेल तर नोंदणी फी माफ करायला सांगा, किंवा वर एक महिना जास्त मागा.

'टॅक्स वेगळा' म्हणाले तर किती ते विचारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून जिमवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झालाय. १०,००० वर १,३०० रुपयांचा फरक पडतो. बिलावर जीएसटी नंबर नसेल तर टॅक्स देऊच नका.

आणि पर्सनल ट्रेनरच्या पैशांवर घासाघीस नको. तुमच्या पाठीचा कणा त्याच्या भरवशावर असतो. फी मालकाकडून कमी करून घ्या.