गावातलं म्युझिक सर्कल कसं चालवावं?

शास्त्रीय संगीताचं मंडळ सुरू करायला हौस पुरते. तिसऱ्या-चौथ्या वर्षी मात्र वर्गणी मागायला कोणी जात नाही, चिटणीस एकटाच सतरंज्या गोळा करतो आणि मंडळ लेटरहेडपुरतं उरतं. तालुक्याच्या गावात शे-दोनशे श्रोत्यांचं सर्कल चालवायचं असेल, तर पुढच्या क्रमानं जा.

1. आधी तारीख, मग कलाकार

मोठं नाव गाठायचं आणि त्याच्या सवडीनं कार्यक्रम ठेवायचा, ही पद्धत सोडा. दर महिन्याचा दुसरा रविवार, सकाळी 10 वाजता, असं काहीतरी एकदाच ठरवा. गणपती, परीक्षा आणि ऐन पावसाळा वगळून वर्षाला नऊ मैफली पुरे. सकाळच्या बैठकीत तोडी, जौनपुरी, सारंग हे दिवसाचे राग ऐकायला मिळतात, हा वरचा फायदा. उघड्यावर तर रात्री 10 नंतर ध्वनिक्षेपक एरवी चालत नाही.

मोठ्या महोत्सवाचा मोह पहिली काही वर्षं आवरा. पुण्यात भीमसेन जोशींनी 1953 मध्ये गुरूंच्या स्मृतीसाठी सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव आज केवढा आहे, हे सगळे सांगतात. पण तिथे श्रोत्यांची सवय पिढ्यान्‌पिढ्या घडत आली आहे. ती मांडवाबरोबर भाड्यानं मिळत नाही.

2. वर्गणीचं गणित

समजा, 200 सभासद आणि वार्षिक वर्गणी 1,500 रुपये. जमले 3 लाख. नऊ मैफलींत वाटले तर एकीला साधारण 33 हजार. त्यातच मुख्य कलाकार, तबला आणि हार्मोनियमची साथ, प्रवास, राहणं, जेवण, सभागृह, माइक. आता कोणाला बोलवायचं ते ठरवा. बहुतेक मंडळं नेमकं उलट करतात आणि मग खजिनदार जाहिरातींसाठी सराफांच्या पेढ्या धुंडाळत फिरतो.

नऊपैकी दोन-तीन बैठका जवळपासच्या तरुण गायक-वादकांना द्या. वाचलेले पैसे एका मोठ्या मैफलीला वापरा. मात्र तरुणांनाही मानधन हवंच. ‘तुम्हाला व्यासपीठ मिळतंय की’ हे वाक्य उच्चारू नका. साथीदारांचं मानधन आधी बोलून घ्या आणि पाकीट त्यांच्याच हातात द्या.

देणगी चेकनं किंवा ऑनलाइन घ्या आणि पावती त्याच दिवशी द्या. देणगीदाराला आयकरातली (80जीची) सवलत मिळवून देणार असाल, तर 2,000 रुपयांवरच्या रोख देणगीला ती मिळत नाही, हे त्याला आधीच सांगा. मानधनातून टीडीएस कापायचा का, हे सीएला कार्यक्रमापूर्वी विचारा.

3. नोंदणी

महाराष्ट्रात संस्था नोंदणी अधिनियम, 1860 खाली किमान सात जण लागतात. शिवाय सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात नोंदणी येते. घटना, म्हणजे संस्थेची नियमावली, दुसऱ्या मंडळाची जशीच्या तशी उतरवू नका. निदान कार्यकारिणीची मुदत, गणसंख्या (कोरम) आणि बँकेतल्या सह्या ही कलमं स्वतः बसून लिहा. भांडणं तिथेच होतात.

4. मैफलीचा दिवस

कलाकाराला आठवडाभर आधी स्वर, म्हणजे हार्मोनियमची पट्टी, विचारा: काळी एक की काळी चार? त्यावरून तंबोऱ्यांची जोडी ठरते, कारण पुरुषी आणि बायकी तंबोरे वेगळे असतात. तबलाही त्याच स्वराचा लागतो. तंबोरे जुळवायला शांत खोली द्या. तिथे फोटोवाल्यांना सोडू नका. माइकवाल्याला लग्नाच्या वरातीची सवय असेल, तर ‘इको बंद’ एवढं एकच वाक्य पुरेसं आहे.

स्वागत, सत्कार, प्रास्ताविक मिळून दहा मिनिटं. प्रायोजकाचं भाषण नको. त्यांचं नाव फलकावर लिहा, ते जास्त वेळ दिसतं. मैफल वेळेवर सुरू करा, पहिल्या रांगेतल्या खुर्च्या रिकाम्या असल्या तरी.

5. माणसं बदलत राहा

चिटणीस तीन वर्षांहून जास्त नको, कितीही कामाचा असला तरी. कलाकारांचे संपर्क, सभासदांची यादी, पावती पुस्तकं आणि बँकेचे कागद एका घराच्या कपाटात अडकू देऊ नका. दुसरा संच खजिनदाराकडे हवा. नवी कार्यकारिणी निवडून आली की बदल अर्ज 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात दाखल करा आणि त्याच आठवड्यात बँकेतल्या सह्याही बदलायला टाका.